कंटिन्जन्सी फ्यूएल आणि कॅप्टनचं एक्स्ट्रा

‘पायलटने जादा इंधन घेतलंय’ असं म्हटलं की आपल्याला एकच राखीव साठा वाटतो. फ्लाइट प्लॅनवर मात्र त्याच्या दोन वेगळ्या ओळी असतात, कंटिन्जन्सी आणि एक्स्ट्रा. टाकीत सगळं एकत्रच असतं; फरक एवढाच की एक नियमाचं आणि दुसरं कॅप्टनचं.

कंटिन्जन्सी भरावंच लागतं. आयकाओचा (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा) सर्वसाधारण नियम असा: प्रवासाला लागणाऱ्या इंधनाच्या ५ टक्के किंवा विमानतळावर १५०० फुटांवर ५ मिनिटं घिरट्या घालण्यापुरतं, यांतलं जे जास्त ते. आधी अंदाज बांधता न येणाऱ्या गोष्टींसाठी हे असतं. समोरचा वारा जोरात निघाला, हवी ती उंची मिळाली नाही, वगैरे.

दिल्ली-मुंबईला एअरबस ए३२० विमान साधारण ५ टन इंधन जाळतं असं धरा. त्याचे ५ टक्के म्हणजे २५० किलो, घिरट्यांच्या हिशेबात जेमतेम सहा-सात मिनिटं. जुलैच्या पावसात मुंबईवर रांग लागली तर एवढ्याने काय होणार? आणि ती रांग लागणार हे कॅप्टनला निघण्याआधीच दिसत असतं. तिथे एक्स्ट्रा कामाला येतं. हवामानाचा रिपोर्ट वाचून तो आणखी एक टन मागतो, म्हणजे पंचवीसेक मिनिटं हातात येतात. डिस्पॅचरने (जमिनीवरून फ्लाइट प्लॅन आखणाऱ्याने) दिलेल्या आकड्यावर वाढवायचं ते कॅप्टनने ठरवायचं. नियमाच्या किमान आकड्याखाली मात्र त्यालाही जाता येत नाही.

हा अधिकार फुकटचा नाही. जादा वजन वाहून न्यायलाही इंधन लागतं. दर तासाला त्या जादा इंधनाचे ढोबळमानाने ३-४ टक्के त्यातच जातात. म्हणून कंपन्या कारण विचारतात, कोण किती घेतो यावर नजर ठेवतात. हिशेब विचारायला हरकत नाही, पण ‘कमी घे’ असा दबाव आला तर अधिकार कागदावरच उरतो, असं माझं मत. वरची मर्यादाही आहेच: उतरतानाचं कमाल वजन ओलांडून चालत नाही.

हवेत मात्र दोन्ही ओळी खर्च करता येतात. शेवटच्या ३० मिनिटांच्या राखीव साठ्याची गोष्ट वेगळी. जवळच्या सुरक्षित विमानतळावर उतरतानाही तो पूर्ण उरणार नाही असं हिशेबात दिसलं, की कॅप्टनला रेडिओवर ‘मेडे, मेडे, मेडे, फ्यूएल’ असा संकटाचा इशारा द्यावाच लागतो.