रिलीजची तारीख आणि स्नॅपशॉटचा शिक्का

डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमची एखादी जुनी आवृत्ती जशीच्या तशी पुन्हा उभी करायची, तर पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे) स्नॅपशॉट संग्रहातून, म्हणजे डेबियनच्या संग्रहाच्या वेळोवेळी टिपलेल्या अवस्थांच्या साठ्यातून, आणावी लागतात. २००५ पासूनची पॅकेजेस तिथे जपलेली आहेत. पण 'नेमका कोणता स्नॅपशॉट?' या प्रश्नावर बरेच जण रिलीज फाइल (पॅकेजेसची सही केलेली मुख्य यादी) उघडतात, 'डेट' ओळीतली वेळ उचलतात आणि तीच स्नॅपशॉटच्या वेब-पत्त्यात घालतात. चूक इथेच होते.

'डेट' म्हणजे डेबियनच्या मुख्य सर्व्हरवर ती यादी तयार झाली ती वेळ. स्नॅपशॉटचा शिक्का म्हणजे संग्रहाने ती अवस्था टिपून ठेवली ती वेळ. शिक्क्यात आठ अंकी तारीख, मग 'टी', सहा अंकी वेळ आणि शेवटी 'झेड' असतो. झेड म्हणजे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. यादी आधी तयार होते आणि मग टिपली जाते, म्हणून शिक्का नेहमी 'डेट'च्या नंतरचा असतो.

फरक काही मिनिटांचा असला तरी तो महागात पडतो, कारण मागितलेला शिक्का अस्तित्वात नसेल तर संग्रह त्याच्या आधीचा सर्वांत जवळचा स्नॅपशॉट देतो. समजा, सिडच्या (डेबियनच्या सतत बदलत्या, अस्थिर शाखेच्या) रिलीज फाइलवर १४:१५ आहे, ती १४:४० ला टिपली गेली आणि त्याआधीचा शिक्का ०८:४० चा आहे. पत्त्यात १४:१५ घातलेत तर हाती ०८:४० ची अवस्था येते. एररही दिसत नाही, त्यामुळे संशय घ्यायला जागाच उरत नाही. म्हणून त्या महिन्याच्या शिक्क्यांची यादी उघडावी, 'डेट'नंतरचा पहिला शिक्का घ्यावा आणि त्यातल्या रिलीज फाइलची 'डेट' जुळते का ते पाहावे. ही शेवटची पडताळणी मी कधीच टाळत नाही.

स्टेबलची, म्हणजे स्थिर शाखेची, गोष्ट वेगळी. बुकवर्म या टोपणनावाच्या डेबियन १२ ची १२.५ ही आवृत्ती १० फेब्रुवारी २०२४ ला आली आणि १२.६ आली २९ जूनला. मधल्या साडेचार महिन्यांत स्नॅपशॉट पडत होते, पण बुकवर्मच्या रिलीज फाइलची 'डेट' तीच राहिली. म्हणजे 'डेट'वरून एकच शिक्का ठरत नाही; मुख्य बुकवर्मपुरता त्यांतला कुठलाही चालतो. पॅकेजच्या चेंजलॉगमधली (बदलांच्या नोंदीतली) तारीख तर याहून वेगळी: ती मेंटेनरने, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याने, लिहिलेली असते, संग्रहाशी तिचा संबंध नाही.

ॲप्ट (पॅकेजेस उतरवून बसवणारा डेबियनचा प्रोग्राम) मात्र शिक्क्याकडे पाहत नाही. रिलीज फाइलमध्ये 'व्हॅलिड-अंटिल' ही वैधतेची मुदत असेल आणि ती मुदत उलटली असेल, तर ॲप्ट ती फाइल नाकारतो. तेव्हा फक्त मुदतीची तपासणी बंद करावी. सहीची तपासणी चालूच ठेवावी.

सुरक्षा अपडेट्सचा संग्रह वेगळा आहे आणि त्याचे शिक्केही वेगळे. मुख्य संग्रहाचा शिक्का तिथे तसाच चिकटवू नका; त्याच्या यादीत जाऊन स्वतंत्रपणे शोधा.