मुक्कामाला येण्यापूर्वी काय, कोठे आणि कसे कळवावे : आमच्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

आमच्या देखरेखीखालील एखादे घर आपण थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी एखाद्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून बुक केले असेल, तर हे माहितीपत्रक आपल्यासाठी आहे. बुकिंग कसे करावे, पैसे कसे भरावेत, अभिप्राय कोठे लिहावा हे आपल्याला ठाऊक असणार, म्हणून ते येथे सांगितलेले नाही. बुकिंग पक्के झाल्यापासून आपण घराच्या दाराशी पोहोचेपर्यंतच्या काळात आपण, आम्ही आणि तो बुकिंग प्लॅटफॉर्म यांच्यात जे बोलणे होते, त्यापुरतेच हे लिखाण आहे. कारण मुक्काम बिघडण्याची बहुतेक कारणे घरात नसतात, ती याच दिवसांत अर्धवट राहिलेल्या बोलण्यात असतात.

विनंती नोंदवली म्हणजे ती मान्य झाली असे नाही

आमचा आणि पाहुण्यांचाही सर्वाधिक वेळ ज्या एका चुकीमुळे जातो, ती चूक अशी : आपली अडचण किंवा मागणी कोठेतरी लिहिली अथवा कोणाला तरी सांगितली, की ती ठरलीच असे धरून चालणे. बुकिंग डॉट कॉमवर बुकिंग करताना विशेष विनंतीसाठी एक चौकट असते. ‘सकाळी आठलाच आत यायचे आहे’, ‘बाळासाठी पाळणा हवा’, ‘आणखी एक जण येईल’ असे त्या चौकटीत लिहून पाहुणे निर्धास्त होतात. वास्तविक अशा विनंत्या पूर्ण होतीलच याची हमी देता येत नाही, हे त्या चौकटीजवळच लिहिलेले असते. चौकटीतला मजकूर आमच्यापर्यंत पोहोचतो, त्यामुळे लिहिणे व्यर्थ नाही. पण त्यावर आमचे ‘होय, जमेल’ असे लेखी उत्तर येईपर्यंत ती गोष्ट ठरलेली नसते.

हीच समजूत प्लॅटफॉर्मच्या ग्राहक सेवा केंद्राविषयीही असते. तेथील कर्मचाऱ्याने ‘आम्ही यजमानांना कळवले आहे’ असे सांगितले, तर त्याचा अर्थ तेवढाच घ्यावा. तो कर्मचारी घराजवळ नसतो, घराच्या किल्ल्या त्याच्याकडे नसतात आणि आदल्या रात्री त्या घरात दुसरे कोणी राहणार आहे का, याची जबाबदारीही त्याच्यावर नसते. तो आपला निरोप आमच्याकडे पाठवतो, आम्ही उत्तर देतो आणि ते उत्तर पुन्हा आपल्याकडे यावे लागते. या फेऱ्यात बराच वेळ जातो, आणि मधल्या एखाद्या टप्प्यावर निरोपातील तारीख किंवा माणसांची संख्या बदलून जाते, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे.

म्हणून आमची विनंती एकच आहे. जे काही विचारायचे, कळवायचे किंवा बदलायचे असेल, ते आपल्या बुकिंगला जोडलेल्या संदेशांच्या खिडकीतच लिहावे, आणि आमचे उत्तरही तेथेच पाहावे. प्रश्न आणि उत्तर दोन्ही तेथे दिसत असतील, तरच ती गोष्ट ठरली असे समजावे.

काही पाहुण्यांना हा हट्ट वाटतो. फोनवर दोन मिनिटांत होणारे काम लिहायला का लावता, असे ते विचारतात. आमच्याकडे पाहुण्यांच्या संदेशांवर दिवसा एक जण आणि रात्री दुसरा असतो, घर तयार करणारी माणसे वेगळी असतात, आणि या सर्वांना एकाच वेळी दिसणारी जागा म्हणजे बुकिंगची ही संदेशखिडकी. सकाळी एकाशी फोनवर झालेले बोलणे रात्री दार उघडून देणाऱ्याला माहीत असेलच असे नाही. लिहिलेले मात्र त्याच्यासमोर असते. दुसरे कारण आपल्या हिताचे आहे. पुढे काही वाद उद्भवला, कबूल केलेली एखादी सोय मिळाली नाही, तर प्लॅटफॉर्म आधी स्वतःकडे नोंदलेले संभाषण पाहतो. उदाहरणार्थ, एअरबीएनबीच्या नियमांनुसार घरातील गंभीर त्रुटीबद्दल परतावा किंवा पर्यायी निवास हवा असल्यास, ती त्रुटी लक्षात आल्यापासून ७२ तासांच्या आत कळवावी लागते. अशा वेळी आम्ही काय मान्य केले होते हे त्याच ॲपमध्ये लिहिलेले असेल, तर आपली बाजू आपोआप भक्कम होते. आम्ही दिलेला शब्द आपल्या हातात लेखी राहावा असे आम्हालाच वाटते, म्हणून हा आग्रह आहे.

तारखा बदलायच्या असतील तर मात्र संदेशही पुरत नाही. त्यासाठी प्लॅटफॉर्मवर बदलाची वेगळी विनंती पाठवावी लागते, आणि दुसऱ्या बाजूने ती स्वीकारेपर्यंत मूळ तारखाच कायम राहतात. आम्ही संदेशात ‘तारखा मोकळ्या आहेत’ असे लिहिले असले, तरी ती विनंती येऊन स्वीकारली जाईपर्यंत दुसरा कोणीही त्या तारखा घेऊ शकतो.

आपण कधी पोहोचणार?

हा प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारतो, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा विमान किंवा गाडी पोहोचण्याच्या वेळेच्या स्वरूपात येते. विमान उतरल्यावर तपासणी, सामान, वाहन मिळणे आणि रस्ता यांत किती वेळ जाईल हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते, म्हणून आम्हाला दोन्ही वेळा हव्या असतात : उतरण्याची, आणि आपल्या अंदाजाने घराच्या दाराशी पोहोचण्याची. दुसरी वेळ अंदाजाचीच असणार, तासभर इकडेतिकडे झाले तरी चालते. पण ‘संध्याकाळी’ किंवा ‘जेवणानंतर’ एवढेच लिहिले, तर आमचा माणूस चार-पाच तास केवळ वाट पाहण्यात घालवतो.

मध्यरात्रीनंतर पोहोचणाऱ्यांनी पुढील मजकूर कृपया लक्षपूर्वक वाचावा. बुकिंग रात्रींच्या हिशेबाने होते. आपण १५ तारखेला पहाटे २ वाजता दाराशी येणार असाल, तर आपल्याला १४ तारखेची रात्र बुक केलेली हवी. तिकिटावर पोहोचण्याची तारीख १५ दिसते, म्हणून पुष्कळ जण १५ पासून बुकिंग करतात, आणि पहाटे दाराशी येतात तेव्हा आत दुसरे कुटुंब झोपलेले असते. अशा वेळी आम्ही कितीही धावपळ केली तरी ते घर देऊ शकत नाही. याउलट १४ ची रात्र योग्य रीतीने बुक केली, पण उशिरा येणार हे कळवलेच नाही, तर पाहुणा आलाच नाही अशी शंका येऊन आमचे फोन सुरू होतात, आणि त्या वेळी आपण विमानात असता. ‘१२ वाजता येऊ’ असे लिहिल्यास दुपारचे की रात्रीचे हे कळत नाही. ‘१४ च्या रात्री १२’ असे लिहिले, तरी १४ सुरू होतानाची मध्यरात्र की संपतानाची, हा प्रश्न उरतो. आपण आणि आम्ही वेगवेगळ्या भाषांत लिहीत असलो आणि मधले भाषांतर ॲप करीत असेल, तर असा गोंधळ आणखी वाढतो. म्हणून अंकांत तारीख, तिच्यासोबत पहाट, दुपार, रात्र असा स्पष्ट शब्द, आणि वेळ घर असलेल्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे, असे लिहावे.

एक चांगला संदेश कसा असतो हे दाखवण्यासाठी नमुना देतो. तो हवा तसा बदलून वापरावा :

‘आमचे विमान १४ तारखेला रात्री ११.४० वाजता उतरते. दाराशी १५ तारखेला पहाटे १.३० च्या सुमारास पोहोचू. आम्ही तीन मोठी माणसे आणि दोन वर्षांचे एक बाळ आहोत. दोन जड बॅगा आहेत आणि आमच्यापैकी एकाला जिने चढणे अवघड जाते. पाळणा मिळू शकेल का, ते कृपया कळवावे.’

एवढ्या पाच वाक्यांत आमचे सर्व प्रश्न संपतात, आणि आमचे उत्तरही त्याच क्रमाने, प्रत्येक मुद्द्याला हो किंवा नाही असे येते.

लवकर आत येण्याविषयी स्पष्टच सांगतो. आधीचे पाहुणे सकाळी ११ पर्यंत निघतात आणि पुढचे दुपारी ३ पासून येतात; मधल्या चार तासांत चादरी-टॉवेल बदलणे, स्वयंपाकघर व न्हाणीघर धुणे, नळ, दिवे आणि वायफाय तपासणे, आणि काही मोडले असेल तर दुरुस्त करणे एवढे सर्व बसवावे लागते. आदली रात्र रिकामी असेल तर घर लवकर देण्यास आम्हाला आनंदच वाटतो, पण ती रिकामी राहील की नाही हे महिनाभर आधी कोणीच सांगू शकत नाही. म्हणून या प्रश्नाचे पक्के उत्तर आम्ही येण्याच्या आदल्या दिवशी देतो. तोपर्यंतचे आमचे मौन नकार समजू नये. सामान ठेवण्याची सोय मात्र बहुतेक घरांत सकाळपासून करता येते. ती जरूर विचारावी.

दाराचा कोड, पत्ता आणि ओळखपत्रे

दाराचा कोड आठवडाभर आधी मागितला जातो आणि आम्ही तो देत नाही, याचे काही जणांना वाईट वाटते. प्रत्येक पाहुण्यासाठी कोड बदलला जातो आणि तो त्याच्या मुक्कामापुरताच चालतो. आपल्या आधी राहून गेलेल्या कोणालाही आपल्या मुक्कामात ते दार उघडता येऊ नये, हाच त्यामागचा हेतू आहे. कोड आदल्या दिवशी संदेशखिडकीत येतो. प्रवासात इंटरनेट नसण्याची शक्यता असेल, तर निघण्यापूर्वी त्या संदेशाचा स्क्रीनशॉट घ्यावा किंवा कोड कागदावर लिहून घ्यावा.

बुकिंग एकाने केले आणि मुक्कामाला दुसरेच आले, अशा वेळी सगळे संदेश बुकिंग करणाऱ्याच्या खात्यात पडून राहतात, आणि दाराशी उभ्या असलेल्या आई-वडिलांना किंवा सहकाऱ्यांना काहीच ठाऊक नसते. प्रत्यक्ष येणाऱ्या एका व्यक्तीचे नाव आणि फोन क्रमांक आम्हाला कळवावा, आणि आमचे संदेश त्यांच्याकडे पाठवावेत. एअरबीएनबीवर सोबतच्या प्रवाशांना त्या सहलीत जोडून घेण्याची सोयही आहे.

बुकिंग करण्यापूर्वी काही जण इमारतीचे नाव आणि फोन क्रमांक मागतात. बुकिंग पक्के होण्याआधी असा तपशील एअरबीएनबीसारखे प्लॅटफॉर्म संदेशांतून झाकतात आणि नकाशावर जागा साधारणच दाखवतात, त्यामुळे तो आम्ही पाठवला तरी आपल्याला दिसणार नाही. मात्र मजला कितवा, लिफ्ट आहे का, गाडी कोठे लावता येते, रस्त्याचा आवाज खोलीत येतो का, हे सर्व आधी विचारता येते, आणि विचारावेच. घर आपल्या गरजेला साजेसे नसेल तर आम्ही तसे सांगतो, आणि आमच्याकडील दुसरे कोणते घर अधिक सोयीचे होईल हेही त्याच उत्तरात लिहितो.

ओळखपत्रांची माहिती अनेक देशांत कायद्यानेच मागावी लागते. इटलीत ती पाहुणे आल्यापासून २४ तासांच्या आत पोलिसांकडे द्यावी लागते, तर स्पेनमध्ये २ डिसेंबर २०२४ पासून यजमानांवरील नोंदणीचे नियम अधिक कडक झाले. ही माहिती आम्ही एकदाच मागतो. कार्डाचा क्रमांक, पासवर्ड किंवा ओटीपी आम्ही कधीही मागत नाही. ‘कार्डाची पडताळणी न केल्यास बुकिंग रद्द होईल’ असे सांगून लिंक उघडायला लावणारा संदेश आला, तर तो बुकिंगच्याच खिडकीत आलेला असला तरी उघडू नये. यजमानांची खाती ताब्यात घेऊन बुकिंग डॉट कॉमच्या संदेशखिडकीतूनच पाहुण्यांना असे बनावट संदेश पाठवल्याचे प्रकार २०२३ मध्ये अनेक देशांत उघड झाले. शंका आल्यास आम्हाला फोन करावा, कारण त्या खिडकीवर भरवसा राहिला नसेल तेव्हा तेथेच खात्री करून घेण्यात अर्थ नसतो.

आमचे संदेश दिसत नाहीत अशी तक्रारही येते. काही प्लॅटफॉर्म आम्हाला आपला खरा ईमेल पत्ता देत नाहीत, त्याऐवजी मधला एक तात्पुरता पत्ता देतात. त्यामुळे आमचे पत्र अनोळखी पत्त्यावरून आल्यासारखे दिसते आणि स्पॅममध्ये जाते. ॲपच्या सूचना बंद ठेवल्या असतील, तर निदान येण्यापूर्वीच्या दोन दिवसांत त्या सुरू ठेवाव्यात. बुकिंग झाल्याबरोबर येणारा पहिला संदेश यंत्राकडून आपोआप जातो, कारण बुकिंग दिवसा-रात्री केव्हाही होते. पण त्याला आपण दिलेले उत्तर आमचा माणूसच वाचतो आणि त्याच दिवशी त्याला उत्तर देतो. आमच्याकडे पुन्हा येणाऱ्या पाहुण्यांच्या लेखी नोंदी आम्ही जपून ठेवतो. मागच्या वेळी पाळणा किंवा तळमजल्याची खोली लागली असेल, तर पुढच्या वेळी ती आम्हीच विचारतो.

या साऱ्याला एक अपवाद आहे. आपण दाराशी उभे आहात आणि कोड चालत नाही, किल्ली सापडत नाही किंवा घरच सापडत नाही, अशा वेळी लिहीत बसू नये, बुकिंगच्या तपशिलात दिलेल्या क्रमांकावर सरळ फोन करावा. तो फोन रात्रीही उचलला जातो. बोलणे झाल्यावर काय घडले आणि काय ठरले याच्या दोन ओळी आम्हीच आपल्या संदेशखिडकीत लिहून ठेवतो. ते काम आपल्याला करावे लागत नाही.