जॉबवर्क आणि प्रॉडक्ट: आधी ड्रॉइंग कुणाचं ते बघा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत कुणालाही "काय करता?" विचारा, उत्तर बहुतेक एकच येतं: "आपलं प्रॉडक्शन आहे." पण हा एक शब्द तीन वेगळ्या धंद्यांना लावला जातो. पहिला निव्वळ लेबर जॉब: कास्टिंग (ओतलेला लोखंडी भाग) गिऱ्हाइकाचं, आपण फक्त मशिनिंग करून (कापून, भोकं पाडून मापात आणून) परत पाठवायचं. दुसरा मटेरियलसह पुरवठा: भंगार, पिग आयर्न (ओतकामाचं कच्चं लोखंड), वाळू आपली, पण वस्तू गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगप्रमाणे. तिसरा स्वतःचं प्रॉडक्ट: ड्रॉइंग आपलं, नाव आपलं, भावही आपण ठरवलेला. पहिल्या दोघांतला फरक खेळत्या भांडवलाचा आहे, तिसऱ्याची जातच निराळी. तरी गल्लत होते ती नेमकी दुसऱ्या आणि तिसऱ्यात. मटेरियल आपल्या खात्यात आलं की बिलाचा आकडा दुप्पट-तिप्पट होतो आणि आपण "मॅन्युफॅक्चरर" झालो असं वाटायला लागतं. शहराची उलाढाल मोठी दिसते, आणि तरीही इंजिनिअर झालेली पोरं पुण्याला का जातात, हे कोडं तिथूनच सुरू होतं.

आधी लेबर जॉब. कायद्याच्या भाषेत खरं जॉबवर्क हेच. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे मालक आपला माल कर न भरता चलनावर जॉबवर्करकडे पाठवू शकतो. तो माल १ वर्षात परत यायला हवा. भांडवली वस्तू असेल तर ३ वर्षांत. मोल्ड, डाय, जिग, फिक्श्चर (नग पकडून ठेवायची साधनं) आणि टूल्सना ही मुदत लागू नाही. मुदत चुकली तर माल ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरलं जातं, आणि कर व्याजासह मालकाच्या अंगावर येतो. पाठवलेल्या आणि परत आलेल्या मालाचा हिशेब देणारा आयटीसी-०४ हा फॉर्मही मालकानेच भरायचा: वर्षाची उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर वर्षातून एकदा, त्यापेक्षा जास्त असेल तर सहा महिन्यांनी. जबाबदारी मालकाची असली तरी घोळ सुरू होतो जॉबवर्करच्या गेटवर. ५०० नग आले, ४८८ गेले, ७ रिजेक्ट म्हणून पडून आहेत, ५ कुठे गेले कुणालाच माहीत नाही. वर्षाअखेरीला हिशेब जुळवताना ते ५ नग डेबिट नोट (बिलातून किंमत कापल्याचा कागद) होऊन परत येतात. मशिनिंगचा भुगा कुणाचा, हेही आधी लिहून घ्यावं. कराराने वेगळं ठरलं नसेल तर तो मालकाचा. १२ किलोच्या कास्टिंगवरून २ किलो भुगा उतरत असेल, तर महिन्याला ५,००० नगांमागे १० टन होतो.

लेबर जॉबचा भाव म्हणजे मशीनच्या तासाचा भाव. इथे बरेच जण शेजारच्या शेडचा भाव ऐकून आपला ठरवतात, म्हणून एक हिशेब मांडून बघू. समजा व्हीएमसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं मिलिंग मशीन) ३५ लाखांची आहे. १० वर्षांत वसूल करायची तर वर्षाला ३.५ लाख, आणि सुरुवातीच्या वर्षाचं १० टक्के व्याज आणखी ३.५ लाख. दोन पाळ्या, ३०० दिवस म्हणजे ४,८०० तास. सेटिंग, पॉवर कट, माल न येणं, ऑपरेटरची दांडी हे सगळं वजा जाता मशीन ७० टक्के चाललं तर हातात ३,३६० तास. म्हणजे मशीनचेच तासाला २०८ रुपये. दोन ऑपरेटर महिन्याला २०-२० हजारांचे धरले तर १४३. सरासरी ८ युनिट वीज, ९ रुपयांनी ७२. इन्सर्ट (टूलची बदलता येणारी धार), कूलंट, मेंटेनन्स ६०. जागा आणि सुपरवायझरपोटी या मशीनच्या वाट्याला वर्षाला २ लाख, म्हणजे तासाला ६०. बेरीज ५४३. तासाला ६०० चा भाव मिळाला तर ५७ रुपये सुटतात.

आता मशीन ७० ऐवजी ५० टक्केच चाललं असं धरा. तास २,४०० होतात, मशीन, पगार आणि जागेचा खर्च मात्र तेवढाच राहतो आणि तासाचा खर्च जातो ७०७ वर. त्याच ६०० च्या भावात आता तासाला १०७ रुपयांचा तोटा. लेबर जॉबमध्ये नफा ऑपरेटरच्या हातात कमी आणि गिऱ्हाइकाच्या शेड्यूलमध्ये जास्त असतो, तो असा. शेड्यूल पुण्यात ठरतं. तिथली लाइन आठवडाभर बंद राहिली की २३० किलोमीटरवर इथली शेड गप्प होते, हप्ता मात्र चालूच राहतो.

दुसरा फटका रिजेक्शनचा. समजा नगाला ६० रुपये मजुरी, त्यात ६ रुपये नफा, आणि कास्टिंगची किंमत ९०० रुपये. शंभरात एकाच नगाचा बोअर (आतलं भोक) ओव्हरसाइज झाला आणि गिऱ्हाइकाने पूर्ण ९०० डेबिट टाकले, तर शंभर नगांचा ६०० रुपये नफा संपून वर ३०० घरातून जातात. एक टक्का रिजेक्शन बोलायला किरकोळ वाटतं, पण दुसऱ्याच्या महाग मालावर थोडीशी मजुरी घेणाऱ्याला तेवढंच झोपवायला पुरेसं आहे. त्यामुळे काम घेतानाच दोन गोष्टी ठरवाव्यात: मशिनिंग रिजेक्शनची मर्यादा, आणि डेबिट पूर्ण किमतीचं की भंगाराची किंमत वजा करून. मटेरियल रिजेक्शनचं आणखी वेगळं. ब्लो होल, सँड इन्क्लुजन, श्रिंकेज असे ओतकामातले दोष बहुतेक वेळा शेवटच्या ऑपरेशनला उघडे पडतात, तोवर मशीनचा वेळ आणि इन्सर्ट खर्ची पडलेले असतात. हार्ड स्पॉट (कास्टिंगमधली जास्त कडक जागा) लागला तर इन्सर्ट जागेवर तुटतो. फाउंड्री कास्टिंग बदलून देते, मशिनिंगची मजुरी मात्र पीओवर (खरेदी ऑर्डरवर) लिहिलेलं असेल तरच देते.

आता मटेरियलसह पुरवठा. तेच नग, पण बिल महिन्याला ८ लाखांऐवजी २० लाखांचं. वाढलेले १२ लाख हे मटेरियल. भंगार आणि पिग आयर्नवाल्याला आठवड्याभरात पैसे लागतात, गिऱ्हाइक ६० दिवसांनी देतं, आणि १५ दिवस माल शेडमध्येच असतो. म्हणजे मटेरियलपोटी साधारण अडीच महिन्यांचे, ३० लाख रुपये कायमचे अडकले. १० टक्क्यांनी त्याचं व्याज महिन्याला २५ हजार. मटेरियलवर जे मार्जिन मिळेल त्यातून आधी हे २५ हजार वजा करा आणि मगच खूश व्हा. जीएसटीचा बाऊ मात्र उगाच केला जातो. १८ टक्के धरले तर २० लाखांवर ३.६० लाख कर, त्यातून मटेरियलवरचं २.१६ लाखांचं क्रेडिट गेलं की रोख १.४४ लाख. लेबर जॉबच्या ८ लाखांवरही १.४४ लाखच. फरक पडतो तो मटेरियलवाल्याने आपलं रिटर्न वेळेवर भरलं नाही तर, कारण मग क्रेडिट अडकतं.

इथली खरी मेख भावाच्या सेटलमेंटमध्ये आहे. वाहन उद्योगातली मोठी गिऱ्हाइकं कच्च्या मालाचा भाव बहुधा तिमाहीने सुधारून देतात. भंगार चढलं की तीन महिने पुरवठादार सोसतो, उतरलं की फायदा होतो. पण भाव चढता असेल आणि सेटलमेंट आणखी लांबली, तर बिल वाढत असतानाच खातं आटत जातं. वर दरवर्षी "प्रॉडक्टिव्हिटी"च्या नावाखाली थोडी सूट मागितली जाते, ती वेगळीच.

मग पुरवठादार आणि प्रॉडक्टवाला यांत फरक कसा ओळखायचा? टायटल ब्लॉक बघा. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात कुणाच्या कंपनीचं नाव आहे आणि रिव्हिजनच्या रकान्यात कुणाची सही आहे? ती आपली नसेल तर ३० कोटींची उलाढाल असो की ३०० माणसं कामाला असोत, विकला जातोय तो दुसऱ्याच्या वस्तूचा एक भाग. ओतकामाचा साचा ज्यांवरून होतो ते पॅटर्न आणि कोअर बॉक्सही बहुधा गिऱ्हाइकाच्या पैशाचेच असतात, आपल्या शेडमध्ये नुसते ठेवलेले. "पॅटर्न उचलला" या दोन शब्दांचा अर्थ, म्हणजे काम दुसरीकडे गेलं, फाउंड्रीवाल्यांना वेगळा सांगावा लागत नाही.

याच दोन शब्दांमुळे कागदावरचे हक्कही लंगडे पडतात. एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. आयकरातल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)) मुदत उलटलेली रक्कम गिऱ्हाइकाला ती प्रत्यक्ष देईल त्याच वर्षीच्या खर्चात धरता येते. तेव्हा उद्यम नोंदणीचा नंबर प्रत्येक बिलावर छापाच. मध्यम उद्योगाला हे संरक्षण नाही, हेही लक्षात ठेवा. पण ज्याची ८० टक्के विक्री एकाच गिऱ्हाइकाला आहे, तो त्याच्याविरुद्ध थकलेल्या पैशांसाठी सरकारी पोर्टलवर तक्रार करतो कधी? करतो, पॅटर्न उचलून नेल्यावर. त्यापेक्षा ट्रेड्स, म्हणजे बिलं मुदतीआधी वटवून घ्यायचा ऑनलाइन प्लॅटफॉर्म, बरा. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्या प्लॅटफॉर्मवर नोंदणी सक्तीची आहे. गिऱ्हाइकाने बिल तिथे मान्य केलं की बँक आधी पैसे देते आणि तगादा लावायची वेळ येत नाही.

आता स्वतःचं प्रॉडक्ट. कोल्हापूरला हे नवीन नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर उद्यमनगरात शेतीच्या पंपासाठी ऑइल इंजिनं बनत होती, आपापल्या नावाच्या पाट्या लावून. शेतात वीज पोचली, इलेक्ट्रिक मोटार आली, इंजिनाची मागणी आटली. हातातलं कसब ओतकामाचं आणि लेथचं होतं, ते मग दुसऱ्यांच्या ड्रॉइंगकडे वळलं. फाउंड्री जगली, पाटी गेली. साखर कारखान्यांचे मिल रोलर, छपाई यंत्रं, बेअरिंग, पिस्टन असे अपवाद जिल्ह्यात आहेत, आणि ते सांगायला बोटं पुरतात. इचलकरंजीतही हेच दिसतं: खर्चीवाला यंत्रमागधारक दुसऱ्याच्या सुतावर पिकाप्रमाणे (विणताना टाकलेले आडवे धागे मोजून) मजुरी घेतो, आणि कापडाचा व्यापार वेगळ्याच हातात असतो.

प्रॉडक्टमध्ये मार्जिन जास्त असतं हे खरं, पण ते मशीनवर तयार होत नाही. टेस्टिंग, वॉरंटी, स्पेअर पार्टचा साठा, डीलरचं कमिशन, रात्री अकरा वाजता आलेला फोन, या सगळ्याचे ते पैसे आहेत. जॉबवर्कवाला प्रॉडक्टमध्ये उतरतो तेव्हा बहुतेक वेळा इथेच चुकतो. वस्तू उत्तम बनवतो, भाव ठरवताना मशीन-तास आणि मटेरियल एवढंच धरतो. पहिले पाच नग विकले जातात, सहाव्याच्या वॉरंटीत पाचांचा नफा जातो, आणि "आपल्याला हे जमत नाही बघा" म्हणत गाडी पुन्हा लेबरवर. दुसरी चूक जास्त घातक: गिऱ्हाइकाच्याच ड्रॉइंगचा पार्ट स्पेअर म्हणून बाजारात विकणं. ते प्रॉडक्ट नाही, करारभंग आहे, आणि एकदा बोभाटा झाला की बाकीची गिऱ्हाइकंही जातात.

उडी मारण्यापेक्षा पायऱ्या बऱ्या. एका पार्टचं मटेरियल आपल्या खात्यात घेऊन बघा, सगळ्यांचं एकदम नको. मग त्याच ड्रॉइंगवर लेखी सूचना पाठवा: मशिनिंग अलाउन्स (कापून काढायला ठेवलेली जादा जाडी) ३ मिलिमीटरवरून २ वर आणता येईल, दोन सेटिंगचं काम एका फिक्श्चरवर होईल. सूचना मान्य झाली की बचतीतला वाटा मागा. त्यानंतर एकट्या पार्टऐवजी बोल्ट-बुशसह जोडणी करून द्या. स्वतःच्या पहिल्या वस्तूसाठी गिऱ्हाइक तासाभराच्या अंतरावर शोधा. साखर कारखाने, गुऱ्हाळं, दूध संघ, यंत्रमाग हे सगळं जिल्ह्यातच आहे, आणि बिघाड झाला तर आपला माणूस त्याच दिवशी तिथे पोचतो. चाकणच्या पुरवठादाराला हे जमत नाही. कारखान्यांचं वेळापत्रक मात्र पाठ हवं. गळीत साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं आणि दुरुस्तीची कामं ऑफ सीझनमध्ये, पावसाळा धरून, होतात. नमुना मे महिन्यात दाखवला तर ऑर्डरची आशा. दिवाळीत गेलात तर चहा मिळेल.

शहराच्या नोकऱ्याही याच फरकावर ठरतात. ३० माणसांच्या लेबर जॉबच्या शेडमध्ये ऑपरेटर, सेटर, दोन इन्स्पेक्टर, एक अकाउंटंट आणि सगळ्यांवर एक इंजिनिअर लागतो. डिझाइन, टेस्टिंग, सोर्सिंग, मार्केटिंग, सर्व्हिस ही खाती ड्रॉइंगच्या गावात असतात. त्यामुळे डिप्लोमा किंवा बीई झालेल्याला इथे पहिली नोकरी मिळते, चौथ्या-पाचव्या वर्षीची दुसरी पायरी मिळत नाही. पगार हे एक कारण आहेच, पण पगार वाढवून दिला तरी ती खुर्चीच नसेल तर माणूस कशावर बसणार? जाहिरातीत "मॅन्युफॅक्चरिंग कंपनी" एवढंच छापलेलं असतं, त्यावरून काही कळत नाही. मुलाखतीला गेल्यावर एकच विचारावं: ड्रॉइंगमध्ये बदल करायचा असेल तर तो याच इमारतीत होतो, की मेल पाठवून वाट बघावी लागते?