पाळी गेली आणि मावशी घोरू लागली

लग्नघरात आम्ही बायका ओळीने गाद्या टाकून झोपलो होतो. शेजारी पन्नाशीची मावशी घोरत होती. मध्येच आवाज थांबला. मी मनात आकडे मोजू लागले. पंधरापर्यंत आले, तेव्हा कुठे ती दचकली, मोठ्याने श्वास ओढला आणि कुशीवर वळली. सकाळी सगळ्या म्हणाल्या, “काय गाढ झोपला होतात हो!” मावशीचं डोकं मात्र ठणकत होतं.

ही गाढ झोप नव्हे. झोपेत घसा मिटून श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त अडणं, वारंवार अडणं, म्हणजे स्लीप ॲप्निया. हा पुरुषांचा आजार समजला जातो, पण पाळी गेल्यावर बायकांतही तो बराच वाढतो. वय आणि वजन ही कारणं आहेतच, पण मला सांगायचंय ते पाळी गेल्यावर घटणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनबद्दल.

शाळेत नळीने फुंकून चुन्याची निवळी दुधाळ केली होती ना? तोच कार्बन डायऑक्साइड आपला श्वास चालवतो. रक्तात तो जरा वाढला की मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छाकडून श्वासाच्या स्नायूंना हुकूम सुटतो. प्रोजेस्टेरॉनमुळे ही यंत्रणा आणखी जागरूक होते. गरोदरपणी धमनीतल्या रक्तात या वायूचा दाब ४० मिलिमीटर पाऱ्यावरून ३० च्या आसपास उतरतो, इतका श्वास वाढतो! पोट दिसायच्या आधीच काहींना धाप लागते ती त्यामुळेच. पाळीआधीच्या दोन आठवड्यांतही हेच होतं, पण हलकं. जीभ पुढे ओढून धरणारा जिनिओग्लॉसस स्नायूही तेव्हा जास्त कामात असतो. पाळी गेलेल्या स्त्रियांत तो सर्वांत सुस्त आढळला आणि हार्मोन दिल्यावर पुन्हा सावध झाला. झोपेत जीभ मागे पडली की वाट बंद.

पण म्हणून कुणी स्वतःच्या मनाने हार्मोनच्या गोळ्या घेऊ नयेत. आणि ‘हार्मोन बॅलन्स’चे काढे विकणाऱ्यांनी घसा उघडा राहतो याचा पुरावा आधी दाखवावा.

बायकांत घोरण्यापेक्षा थकवा, तुटक झोप, सकाळची डोकेदुखी हीच तक्रार पुढे येते. मग “या वयात होतंच” म्हणून ती उडवली जाते. मावशीचंही तीन वर्षं तेच चाललं. शेवटी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, झाली. आता तिच्या उशाशी सीपॅपचं यंत्र असतं. मास्कमधून येणारी दाबाची हवा रात्रभर घसा उघडा धरते, आणि सकाळी डोकं दुखत नाही.