जेनेरिक टाइप (डायनॅमिक भाषांमधील)

टाइप म्हणजे प्रोग्रॅममधल्या मूल्याचा प्रकार: आकडा, अक्षरे, यादी. आत काय भरायचे याची जागा मोकळी ठेवणाऱ्या टाइपला जेनेरिक टाइप म्हणतात. ‘यादी’ हा साधा टाइप. ‘कशाची यादी’ हे सांगायची सोय झाली की तो जेनेरिक. एमएल या प्रोग्रॅमिंग भाषेत ही कल्पना १९७० च्या दशकातच होती, जावात ती २००४ मध्ये आली. पायथन, रुबी, पीएचपी या डायनॅमिक भाषांत टाइपची खरी ओळख प्रोग्रॅम चालताना, मूल्य हाती आल्यावर पटते. म्हणून तिथे जेनेरिकचा प्रस्ताव मांडणाऱ्याला आधी ठरवावे लागते, तपासायचे कुणी आणि कधी.

नांदेड-परभणीच्या मोंढ्यातल्या आडत दुकानाचा प्रोग्रॅम घेऊ. कट्टा म्हणजे पोते. कट्टा[तूर] असे लिहिले की त्या कट्ट्यात सोयाबीन ओतणारी ओळ टाइप चेकर, म्हणजे टाइपच्या चुका शोधणारे साधन, प्रोग्रॅम चालण्याआधीच दाखवतो. ही सोय नसेल तर प्रत्येक मालासाठी वेगळा क्लास (स्वतः घडवलेला टाइप) लिहायचा, नाहीतर कट्ट्यात काहीही चालते असे धरायचे. मग चूक उघडी पडते ती शेतकऱ्याची पट्टी करताना, सोयाबीनला तुरीचा भाव लागल्यावर.

पायथनने तपासणी भाषेबाहेर ठेवली. गुइडो व्हॅन रॉसम, युक्का लेहतोसालो आणि लुकाश लांगा यांचा पेप ४८४ हा प्रस्ताव २०१५ मध्ये ३.५ आवृत्तीत आला. मायपायसारखा चेकर कोड आधी वाचतो. प्रत्यक्ष चालताना लिस्ट[इंट] मध्ये, म्हणजे पूर्णांकांच्या यादीत, अक्षरे भरली तरी पायथन हूं की चूं करत नाही. रुबीने २०२० च्या ३.० आवृत्तीसोबत टाइपचे वर्णन वेगळ्या आरबीएस फायलींत दिले. पीएचपीची अडचण मोठी, कारण तिथे जाहीर केलेले टाइप चालतानाच तपासले जातात आणि जेनेरिकही तसेच तपासायचे तर वेग आणि मेमरी दोन्ही खर्ची पडतात. २०१६ मध्ये तसा प्रस्ताव मांडला गेला, पण २०२४ च्या ८.४ आवृत्तीतही जेनेरिक नाहीत. लोक ते कॉमेंटमध्ये लिहितात आणि पीएचपीस्टॅन या चेकरकडून तपासून घेतात.

प्रस्तावाची खरी कसोटी पुढे आहे. तूर हे कडधान्य; मग तुरीचा कट्टा कडधान्याचा कट्टा म्हणून चालवावा का? सहज ‘हो’ म्हणावेसे वाटते. पण ज्या फंक्शनला तो ‘कडधान्याचा’ म्हणून मिळाला, ते त्यात बिनदिक्कत हरभरा ओतेल, कारण हरभराही कडधान्यच. कट्टा परत येतो तेव्हा चिठ्ठी तुरीची आणि आत भेसळ. म्हणून ज्यात माल टाकता येतो त्याला ही मुभा देता येत नाही. ज्यातून फक्त काढायचे आहे त्याला ती निर्धोकपणे देता येते. पायथनमध्ये भर घालता येणाऱ्या लिस्टला ती नाही, फक्त वाचायच्या सीक्वेन्स या टाइपला आहे. आपल्या क्लाससाठी हा निर्णय पूर्वी प्रोग्रॅमरला स्वतः लिहून द्यावा लागे. २०२३ च्या ३.१२ आवृत्तीतील पेप ६९५ च्या नव्या लेखनपद्धतीत चेकर क्लासमधल्या मेथड (क्लासची फंक्शन) पाहून तो स्वतः ठरवतो.