तुमची जळालेली मोटर कुणाकुणाच्या हातातून जाते

मोटर रिवाइंडिंग, चोपडा तालुका: ग्राहकांसाठी माहिती

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

दुकानावर आलात की तुम्हाला मी एकटाच दिसतो. मोटर उघडणं, भरणं (म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळणं), टेस्टिंग, बिल, सगळं माझ्याकडे. म्हणून बरेच जण विचारतात, "भाऊ, तू एकटा माणूस, सीझनमध्ये मोटर वेळेवर देशील ना?" प्रश्न रास्त आहे. वैशाखातल्या उन्हात केळीला पाणी चुकवून चालत नाही. पण दुकान एकट्याचं असलं तरी काम एकट्याचं नाही. माझ्यामागे कोण कोण आहे हे ठाऊक असलं की मोटरला वेळ कुठे लागतो आणि पैसा कुठे जातो हे तुम्हालाही नीट कळेल.

पहिला हात बोअरवरच्या टोळीचा. तापीच्या गाळाच्या पट्ट्यात पाणी खाली गेलं, बोअर खोल गेले. घोडा (तीन पायांचा उंच सांगाडा) उभा करून, चेनकप्पी लावून एकेक पाइप वर घ्यायचा म्हणजे जोखमीचं काम. आमच्या ओळखीची पोरं ते करतात, पण ती माझी नोकर नाहीत, त्यांची मजुरी वेगळी आणि ती त्यांच्याच हातात द्यायची. मोटर वर आली की मला फोन करतात आणि केबलचा जोड कसा होता, मोटरवर गाळ किती होता, तेही सांगतात. त्या दोन वाक्यांवर माझा निम्मा तपास होतो.

बाकीचा तपास मोटर उघडल्यावर. काही कॉइली कोळशासारख्या आणि बाकीच्या जशाच्या तशा असल्या, तर विजेच्या तीन फेजांपैकी एक गेलेला असताना मोटर चालत राहिली. सगळ्या सारख्याच काळ्या पडल्या असल्या, तर व्होल्टेज कमी होता किंवा मोटरवर लोड जास्त आला. हे मी तुम्हाला दाखवूनच जुनी तार काढतो. कारण तसंच राहिलं तर नवीन भरलेली मोटरही त्याच वाटेने जाणार.

आता भरण्याचं. विहिरीवरच्या साध्या मोटरच्या कॉइली साच्यावर गुंडाळून खाचांत बसवता येतात. त्याला मी एकटा पुरतो. पाण्याने भरलेल्या सबमर्सिबलचं, म्हणजे बोअरमध्ये पाण्याखाली चालणाऱ्या मोटरचं, तसं नाही. तिची तार प्लास्टिकचं वेष्टण असलेली, आणि ती लांब स्टेटरच्या (मोटरच्या न फिरणाऱ्या भागाच्या) खाचांतून हाताने ओवावी लागते. एकाने इकडून सारायची, दुसऱ्याने तिकडून ओढून घ्यायची, पुन्हा पुढच्या खाचेतून परत पाठवायची. ओढताना वेष्टणाला खाचेच्या कडेचा जरासा ओरखडा गेला, तर मोटर टेबलावर चालेल आणि पाण्यात उतरली की जाईल. समोरच्या बाजूला बसणारा हात म्हणजे माझी बायको. किती तार सैल सोडायची आणि कुठे थांबायचं, हे तिला न सांगता कळतं. दुपारचा फोन तीच घेते, कुणाची मोटर कधी आली आणि काय ठरलं ते वहीत तीच लिहिते. तेव्हा वहिनींनी सांगितलेली तारीख म्हणजे दुकानाची तारीख समजा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ती माहेरी जाते, आणि जायलाच हवं, वर्षभराचा तेवढाच तर सण तिच्या हक्काचा. त्या दिवसांत सबमर्सिबल भरायला जास्त वेळ लागेल. फारच अडलं असेल तर शेजारच्या तालुक्यातल्या ओळखीच्या दुकानात तुमची मोटर मीच पाठवतो, आणि त्यांची अडली की ते माझ्याकडे पाठवतात. आमच्यात चढाओढ नाही. एखादी अनोळखी मोटर आली, प्लेट पुसलेली, आतली तार आधीच कुणी बदललेली, तर गेज (तारेची जाडी) आणि टर्न (वेढे) किती हे आम्ही एकमेकांना विचारतो. माझ्याकडची वही उस्तादांकडून उतरवून घेतलेली आहे. त्यात कितीतरी मोटरींचे आकडे आहेत, आणि कुणी विचारलं तर मी ते सांगतो.

बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) झिजला, शाफ्ट खराब झाला, तर काम लेथवाल्या काकांकडे. रेतीचं पाणी असेल तर बुश लवकर खाल्ला जातो. तो ढिला ठेवून नुसती मोटर भरून देणं मला पटत नाही. त्यात एक दिवस वाढतो.

तांब्याबद्दल. तारेचा भाव किलोवर आणि तो रोज हलतो. लंडनच्या धातूबाजारात भाव चढला की जळगावच्या दुकानातही चढतो. तार देणारे शेठ मला थोड्या दिवसांची उधारी देतात, त्याच जोरावर केळीची कटाई होईपर्यंत मी तुमच्या मजुरीसाठी थांबू शकतो. पण तारेचे पैसे मला आधी लागतात. जुनी जळालेली तार तुमचीच. वजन तुमच्यासमोर होईल. घरी न्या किंवा बिलातून वजा करून घ्या.

तुमच्याकडून काय हवं? मोटर आणताना स्टार्टरचा फोटो, बोअरची खोली आणि मोटर बंद पडली तेव्हा दिवसाची वीज होती की रात्रीची, एवढं सांगा. स्टार्टरला 'ऑटो' (वीज आली की मोटर आपोआप चालू करणारा स्विच) जोडला असेल तर तो काढाच. वीज आली की डीपीवरच्या (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकाच दमात उठतात, व्होल्टेज बसतो, कधी डीपीच जाते, आणि मग अख्खा शिवार पाण्यावाचून राहतो. कॅपॅसिटर आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र) लावून घ्या. कुठला, ते मी सांगेन, विकत कुठूनही घ्या. फ्यूज उडाला किंवा फेज गेला तर डीपीवर स्वतः चढू नका. गावच्या लाइनमनला बोलवा.

मोटर न्यायला याल तेव्हा पाच मिनिटं काढून या. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून इन्सुलेशन तुम्हाला दाखवतो, मगच गाडीवर चढवायची. बोअरमध्ये सोडण्याआधी तिच्यात स्वच्छ पाणी काठोकाठ भरलंय का, ते टोळीतल्या पोरांकडून बघून घ्या. चालू केल्यावर पाणी कमी आलं तर मोटर उलटी फिरत असेल. वीज बंद करून दोन फेजांची अदलाबदल करायला सांगा, त्यासाठी ती परत वर काढायची गरज नाही.