छिन्नमनस्कता आणि दुहेरी व्यक्तिमत्त्व: नावामुळं झालेला घोळ

माझा धाकटा मामा एक अख्खा उन्हाळा घरातल्या दुधाला शिवला नाही. रोज संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायचा, समोर म्हैस पिळलेली बघायचा, पेला स्वतःचा घरनं नेलेला, आणि तिथंच उभ्या उभ्या पिऊन यायचा. कोल्हापुरात कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जाण्यात कुणाला काय वावगं वाटणार, त्यामुळं तो तिथं का जातोय हे आम्हाला लवकर कळलंच नाही. घरातल्या दुधात वहिनी काहीतरी कालवते असं त्याला पक्कं वाटत होतं, आणि डोळ्यादेखत काढलेल्या दुधात कुणाला काही घालता येत नाही, एवढं सरळ त्याचं गणित होतं.

पुढं निदान झालं, स्किझोफ्रेनिया. मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात, कुणी दुभंगलेलं मन म्हणतं. हा शब्द गल्लीत पोचला आणि दुसऱ्याच दिवशी अर्थ लागला की ह्याच्यात दोन माणसं हायत, एक साधा हाय, दुसरा कवा भाईर येईल सांगता येत नाही. बायका मामा दिसला की पोरांना आत बोलवायच्या. आजी दारात उभी राहून सांगायची, "मी सांगतो तुम्हाला, माझं पोरगं एकच हाय आणि ते तेच हाय." आजीची शाळा चौथीपर्यंत झालेली, पण ह्या एका बाबतीत ती सगळ्या गल्लीपेक्षा बरोबर होती. मी नंतर सायकॉलॉजीत एमए केलं, आता समुपदेशनाचं काम करते, आणि अजूनसुद्धा चांगली शिकलेली माणसं मला स्किझोफ्रेनिया म्हणजे स्प्लिट पर्सनॅलिटीच ना असं विचारतात. दोन्ही आजार पूर्ण वेगळे आहेत, म्हणून हे जरा सविस्तर.

घोळ शब्दातच आहे. १९०८ साली ऑयगेन ब्लॉयलर ह्या स्विस मानसोपचारतज्ज्ञानं हे नाव काढलं, ग्रीकमधले दोन शब्द जोडून, एकाचा अर्थ फाटणं आणि दुसऱ्याचा मन. त्याला म्हणायचं होतं की विचार, भावना आणि वागणं ह्यांना जोडणारे धागे सुटतात, म्हणजे माणूस दुःखाची गोष्ट सांगताना हसतो किंवा एका वाक्याचा पुढच्या वाक्याशी मेळ लागत नाही. एका शरीरात दोन माणसं असं तो कुठंच म्हणत नव्हता. पण फाटलेलं मन म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढं दोन तुकडेच येतात, आणि आपण मराठीत भाषांतर करताना तेच फाटणं उचललं. जपानमध्येही असंच झालं होतं, तिथल्या नावाचा अर्थसुद्धा मन दुभंगण्याचा आजार असाच होता, आणि त्या नावाची लोकांना इतकी लाज वाटायची की शेवटी २००२ साली त्यांनी नावच बदलून टाकलं. आपल्याकडंही बदलायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, तोवर मी पेशंटच्या घरच्यांशी बोलताना छिन्नमनस्कता हा शब्द वापरतच नाही, सरळ स्किझोफ्रेनिया म्हणते.

तर ह्या आजारात माणूस एकच असतो, फक्त खरं काय आणि मनातलं काय ह्याच्यातली सीमा पुसट होते. इथं भास आणि भ्रम हे दोन शब्दही लोक एकमेकांच्या जागी वापरतात, पण फरक सोपा आहे. जे नाही ते ऐकू येणं, दिसणं, वास येणं म्हणजे भास, आणि जे खरं नाही त्यावर ठाम विश्वास बसणं, कितीही पुरावा दिला तरी न हलणारा, तो भ्रम. दुधात विष हा मामाचा भ्रम होता. भास नंतर सुरू झाले, आपल्याविषयी दोघंजण बोलतायत असं त्याला ऐकू यायचं, हा बघा आता उठला, आता चप्पल घातली, असं धावतं वर्णन. तो कानात कापूस घालून बसायचा आणि तरी आवाज येतात म्हणून अजून कापूस घालायचा, आईनं एकदा चिमट्यानं तो सगळा काढला तेव्हा दोन्ही कान आतनं लालभडक झाले होते.

पण खरं सांगायचं तर आजाराची सुरुवात ह्याच्या दीड वर्ष आधीच झाली होती आणि ती आम्ही सगळ्यांनी हुकवली. मामा पेठेतल्या तालमीच्या टीमकडनं फुटबॉल खेळायचा, शाहू स्टेडियमवर मॅच असली की घरातले जेवायचे थांबायचे. तेविसाव्या वर्षी त्यानं खेळणं सोडलं. मग मॅच बघायला जाणं सोडलं. मग अंघोळ चार चार दिवसांनी, मित्र दारात येऊन हाका मारून परत जायचे, विचारलं तर नुस्तं हं. घरचे म्हणायचे आळशी झालाय, लग्न लावून द्या म्हणजे ठिकाणावर येईल. ह्याला निगेटिव्ह लक्षणं म्हणतात, म्हणजे जे आधी होतं ते कमी होत जाणं, उत्साह, बोलणं, चेहऱ्यावरचे भाव. भास आणि भ्रम डोळ्यात भरतात म्हणून सगळे त्याचंच बोलतात, पण घरादाराला आणि त्या माणसाला वर्षानुवर्षं जास्त त्रास ह्या ओसरत जाण्याचा होतो आणि औषधांचा उपयोगही ह्याच्यावर कमी होतो. आजार बहुतेकदा विशीच्या आसपास सुरू होतो, पोरांत पोरींपेक्षा जरा लवकर. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार जगात साधारण तीनशे माणसांमागं एकाला तो असतो, म्हणजे आपल्या एखाद्या पेठेत किती घरं असतील ह्याचा विचार करा.

आता दुसरा आजार. दुहेरी व्यक्तिमत्त्व, मल्टिपल पर्सनॅलिटी, सिनेमावाल्यांचा लाडका. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानाच्या पुस्तकात १९९४ पासनं त्याचं नाव डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर असं आहे. डिसोसिएशन म्हणजे सुटं होणं, आठवण, जाणीव, मी कोण ही ओळख, हे सगळं एरवी एकत्र बांधलेलं असतं ते एकमेकांपासनं अलग पडणं. थोडंफार आपल्या सगळ्यांचंच होतं, गाडी चालवत कावळा नाक्यापर्यंत पोचतो आणि मधला रस्ता आठवत नाही, तसं. आजारात मात्र हे इतकं टोकाला जातं की एकाच माणसात दोन किंवा जास्त वेगळ्या ओळखी आलटून पालटून पुढं येतात, बोलणं वेगळं, बसणं उठणं वेगळं, आणि एकीनं केलेलं दुसरीला आठवत नाही. ह्याच्या मुळाशी बहुतेकदा लहानपणी झालेला भयंकर आणि वारंवार अत्याचार असतो, ज्या वयात पळून जाता येत नाही त्या वयात मन जणू म्हणतं हे माझ्यावर होतच नाही, दुसऱ्या कुणावर होतंय. ह्या निदानावर तज्ज्ञांमध्ये वादही आहेत, काहीजणांचं म्हणणं की उपचार करणाऱ्याच्या सुचवण्यानं अशा ओळखी घडू शकतात, त्यामुळं हे लेबल कुणी घाईनं लावू नये.

आपल्याकडं सिनेमातल्यासारखी केस फार क्वचित. आपल्याकडं डिसोसिएशन येतं ते दातखिळी बसून, नाहीतर अंगात येऊन. ओळख लपवण्यासाठी तपशील बदलून एक सांगते. पन्हाळ्याकडच्या गावातली बाविशीची सून, घुंगट काय डोक्यावरचा पदरही न ढळू देणारी, एकाएकी खाली पडायची, दातखिळी बसायची, आणि उठली की जाड आवाजात सासऱ्याला अरेतुरे करायची. मी तुझी आई हाय, माझ्या घरात सुनेला उपाशी ठेवतोस व्हय रं. सासरा हात जोडून उभा. अर्ध्या तासानं ती शांत व्हायची आणि विचारायची, सगळे गोळा का झालाय? तिला खरंच काही आठवायचं नाही. देवऋषी झाला, अंगारा झाला, एकानं मिरचीची धुरी दिली त्यात तिचे डोळे आठवडाभर सुजले. (भूत उतरवण्यासाठी धुरी देणं, मारणं, साखळीनं बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, हे गावागावात अजून पोचायचंय.)

ह्या पोरीला गावातल्या शिकलेल्या नातेवाइकांनी स्किझोफ्रेनिया ठरवून टाकलं होतं, आणि मामाला गल्लीनं दुहेरी व्यक्तिमत्त्व ठरवलं होतं. बरोबर उलटं.

दोघांना शेजारी बसवून बघितलं तर मला सगळ्यात ठळक वाटतो तो आठवणीचा फरक. मामाला सगळं आठवतं. आज वीस वर्षांनी तो सांगतो की त्या दिवशी वहिनीनं निळी साडी नेसली होती आणि पातेल्यावर झाकण वाकडं ठेवलं होतं, त्यावरनं मी ओळखलं की विष घातलंय. घटना आठवते, तिचा लावलेला अर्थ चुकीचा होता. त्या सुनेच्या बाबतीत अख्खा अर्धा तासच गायब, वहीतलं पान फाडून घ्यावं तसा. पण त्या अर्ध्या तासाच्या बाहेर ती अगदी ठीक असायची, हिशोब करायची, म्हशीची धार काढायची, कुणी तिला मारायला टपलंय असं काही तिच्या बोलण्यात नसायचं. मामाचा भ्रम मात्र चोवीस तास चालू होता, चांगला बोलत असला तरी आत तेच.

आवाजांवरनं ओळखायला जाल तर फसाल. दोन्हीत आवाज येतात. सर्वसाधारणपणे स्किझोफ्रेनियात आवाज बाहेरनं, भिंतीपलीकडनं आल्यासारखा वाटतो आणि डिसोसिएशनमध्ये डोक्याच्या आतनं, पण हा काही पक्का नियम धरता येत नाही, आणि नुसत्या आवाजावर निदान केल्यामुळं कितीतरी अत्याचार सोसलेल्या बायका वर्षानुवर्षं चुकीच्या गोळ्या घेत राहतात.

आणि अंगात येणं म्हणजे आजार असंही सरसकट धरू नका. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला जा, गुलालात सासनकाठ्या नाचत असतात, चांगभलंचा गजर चालू असतो, आणि गर्दीत एखाद्या बाईच्या अंगात येतं, ती घुमते, केस सुटतात, पालखी पुढं गेली की शांत होते, पदर सारखा करते आणि घरी जाऊन भाकऱ्या थापते. तिचा तिला त्रास नाही, तिच्या समाजाला ते माहितीचं आहे. निदानाच्या पुस्तकातही स्पष्ट लिहिलंय की समाजात रूढ असलेल्या धार्मिक प्रथेचा भाग असेल तर त्याला आजार म्हणायचं नाही. यात्रा नसताना, नको असताना, वारंवार येतंय आणि त्यानं संसार मोडकळीला आलाय, तेव्हा ते दुखणं होतं.

वेगळं ओळखायचं कशासाठी, तर उपचाराचा रस्ताच वेगळा आहे. स्किझोफ्रेनियाला औषध लागतंच. १९५२ मध्ये क्लोरप्रोमझिन आलं तेव्हापासनं ह्या पेशंटना आयुष्यभर वेड्यांच्या इस्पितळात राहण्याची गरज कमी होत गेली, आता गोळ्या आहेत, महिन्यातनं एकदा घ्यायची इंजेक्शनं आहेत. त्रासही आहे, वजन वाढतं, झोप येते, अंग ताठरतं, मामाचे पाय तर बसल्या जागी हलायचे, थांबायचेच नाहीत. त्या वेळच्या डॉक्टरांनी आम्हाला हे काहीच सांगितलं नव्हतं, चिठ्ठी लिहून पुढचा नंबर. त्यामुळं मामानं बरं वाटल्यावर गोळ्या सोडल्या आणि चार महिन्यांत परत पेला घेऊन कट्ट्यावर. डोस आणि औषध बदलून पायांचं थांबवता येतं हे आम्हाला दुसऱ्या ठिकाणी गेल्यावर कळलं. डिसोसिएशनला असं नेमकं औषध नाही, सोबत डिप्रेशन असेल तर त्याच्या गोळ्या देतात, पण मुख्य काम बोलण्याचं, आधी त्या माणसाला सुरक्षित करायचं आणि मग हळूहळू, त्याच्या वेगानं, जे झालं त्याच्याजवळ जायचं. सुनेच्या बाबतीत तिच्या नवऱ्याला बोलावून पहिल्यांदा जेवणाचं विचारलं. ती खरंच सगळ्यांच्या मागनं, उरलं तर जेवत होती. आजेसासूच्या तोंडानं ती जे बोलत होती ते स्वतःच्या तोंडानं बोलायची तिला त्या घरात सोय नव्हती.

धोकादायक कोण, हेही विचारतातच. दोन्ही आजारांतली बहुतेक माणसं कुणाला इजा करत नाहीत, उलट त्यांनाच मार बसतो, लुबाडलं जातं. मामाला एकदा पोरांनी दगड मारले होते, त्याचा व्रण अजून कपाळावर आहे.

घरात असं काही दिसलं तर कुठला आजार हे तुम्ही ठरवू नका, त्यात फिट्स, थायरॉइड, गांजा, दारू अशी बाकीची कारणंही तपासावी लागतात. कोल्हापुरात सीपीआर ह्या सरकारी इस्पितळात मानसोपचार विभाग आहे, आणि १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस नंबर दिवसरात्र फुकट चालू असतो, मराठीत बोलता येतं. जाताना मात्र एक कागद न्या. आमच्या आईनं मामाचं सगळं कालनिर्णयच्या चौकोनांत लिहून ठेवलं होतं, दुधाच्या हिशोबाशेजारी, आज झोपला नाही, आज जेवला, आज एकटाच बोलत होता. दुसऱ्या डॉक्टरांनी ते कॅलेंडर टेबलावर पसरून एक एक महिना मागं जात वाचलं आणि फुटबॉल सोडल्याच्या महिन्यावर बोट ठेवलं. सुनेच्या सासूला मीच तसं लिहायला सांगितलं होतं, तिला लिहिता येत नव्हतं म्हणून तिनं फुल्या मारल्या. चार महिन्यांत अकरा फुल्या, त्यातल्या नऊ सून माहेरावरनं परत आली त्या दिवशीच्या किंवा दुसऱ्या दिवशीच्या.